सदोष नायक आणि ‘मी’चे लिंग
एका जपानी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा भाषिक विचार

‘मी येतो’ किंवा ‘मी येते’ एवढे दोन शब्द उच्चारले की बोलणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे मराठी श्रोत्यास कळून चुकते. जपानी भाषेत क्रियापदावरून ते कधीच कळत नाही. तेथे लिंगाची सूचना मिळते ती सर्वनामाच्या निवडीवरून. आणि ही सूचना व्याकरणाने लादलेली नसून रूढीने दिलेली असते, म्हणून ती मोडताही येते. दोन भाषांमधील हा भेद तौलनिक व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात एका परिच्छेदात आटोपला जाईल. परंतु जेव्हा एखाद्या कथेचा सारा पेच ह्याच भेदावर उभा असतो, तेव्हा तो परिच्छेद अपुरा पडतो. ‘मुशोकु तेन्सेई’ ह्या जपानी ॲनिमे मालिकेचे दुसरे पर्व हे अशा कथेचे ठळक उदाहरण होय. ते मराठीत आणावयाचे झाल्यास कोणत्या अडचणी येतील आणि त्या दूर करण्याची साधने कोठे सापडतील, ह्याचा विचार येथे केला आहे. साधनांचा शोध घेताना प्रमाण मराठीच्या जोडीला पालघर आणि बोईसर-तारापूर ह्या परिसरातील भाषाव्यवहारही लक्षात घेतला आहे. कारण तेथे ‘मी’ म्हणण्याच्या निरनिराळ्या रीती एकमेकींच्या शेजारी नांदताना आढळतात.

१. कथेची बैठक

रिफुजिन ना मागोनोते ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने ही कादंबरी २०१२ ते २०१५ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध केली. स्टुडिओ बाइंड ह्या संस्थेने तिच्यावर मालिका तयार केली. पहिले पर्व २०२१ मध्ये दाखविले गेले. दुसऱ्या पर्वाचा पूर्वार्ध जुलै २०२३ पासून आणि उत्तरार्ध एप्रिल २०२४ पासून प्रसारित झाला. शून्यापासून चोवीसपर्यंत क्रमांक दिलेले असे एकूण २५ भाग ह्या पर्वात आहेत.

कथेचा नायक चौतीस वर्षांचा, बेकार, स्वतःला वर्षानुवर्षे खोलीत कोंडून घेतलेला पुरुष आहे. एका अपघातात तो मरतो आणि मंत्रविद्या चालते अशा एका जगात रुदेउस ग्रेरॅट ह्या नावाने पुन्हा जन्म घेतो. मागील जन्माची स्मृती त्याच्याजवळ शाबूत आहे. त्यामुळे बुद्धी आणि विद्या ह्यांबरोबर जुने दोषही शाबूत आहेत. तो भित्रा आहे, लंपट आहे, स्वतःची समजूत घालण्यात पटाईत आहे. अद्भुत कथांचा नायक परंपरेने शूर आणि निष्कलंक असतो. हा तसा नाही. ह्यामुळे मालिकेवर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

दुसऱ्या पर्वात रुदेउस रानोआ येथील मंत्रविद्येच्या विश्वविद्यालयात दाखल होतो. येथे युद्धे थोडी आणि संभाषणे फार आहेत. कथेला पुढे नेणाऱ्या घटना बहुतेक बोलण्याच्या, ऐकण्याच्या आणि चुकीचे ऐकण्याच्या आहेत. म्हणून भाषेच्या अभ्यासकास हे पर्व पहिल्यापेक्षा अधिक उपयोगी वाटेल.

२. चिठ्ठीतील संदिग्धता

पर्वाचे मूळ एका चिठ्ठीत आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी एरिस ही रुदेउसची सोबतीण त्याला सोडून निघून जाते आणि मागे दोन ओळी ठेवते. आज आपल्या दोघांचा तोल जुळत नाही, एवढाच त्यांचा आशय. कोणाचे पारडे हलके आहे, हे त्या ओळींत सांगितलेले नाही. एरिसच्या मनात आहे ते असे, की आपण त्याच्या तोडीच्या नाही. तोडीचे व्हावे म्हणून ती शस्त्रविद्या शिकण्यास जाते. रुदेउस मात्र उलट वाचतो: आपण तिच्या लायकीचे नाही, म्हणून तिने आपल्याला टाकले. ह्या वाचनाने तो खचतो. दुसऱ्या पर्वातील त्याची खिन्नता आणि त्याला जडलेली शारीरिक असमर्थता ह्या दोन्हींचा उगम येथे आहे.

भाषांतरकाराची पहिली कसोटीही येथेच लागते. ‘मी तुझ्या योग्यतेची नाही’ असे मराठीत लिहिले की एरिसचा आशय अचूक उतरतो, आणि कथा मात्र बुडते. कारण मग रुदेउसला गैरसमज करून घेण्यास जागाच उरत नाही. ‘तू माझ्या योग्यतेचा नाहीस’ असे लिहिले तर एरिस निष्ठुर ठरते. ‘आज तुझी-माझी पारडी सम नाहीत’ असे काहीतरी लिहिणे भाग आहे, की ज्यात दोन्ही अर्थांना सारखाच वाव राहील. स्पष्टता हा भाषांतराचा सर्वकाळ गुण नसतो. मूळ वाक्यात जे न सांगितलेले आहे, तेही मूळ वाक्याचाच भाग असते.

येथे नायकाच्या दोषाचे स्वरूपही उघड होते. त्याला शब्द ऐकू येतात, पण ते सारे स्वतःविषयी असल्यासारखे ऐकू येतात. समोरच्या माणसाने स्वतःबद्दल काही सांगितले असेल, ही शक्यता त्याच्या मनाला शिवत नाही. लंपटपणा किंवा भित्रेपणा ह्यांपेक्षा हा दोष अधिक खोल आहे, आणि संपूर्ण पर्व ह्या दोषाभोवती फिरते.

३. आतला आवाज आणि बाहेरचा

जपानीत प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनामे अनेक आहेत. त्यांपैकी ‘बोकू’ हे मुलगे आणि तरुण सौम्य, नम्र बोलण्यात वापरतात. ‘ओरे’ हे रांगडे, सलगीचे, पुरुषी वळणाचे आहे. रुदेउस मोठ्यांशी अदबीने बोलताना ‘बोकू’ म्हणतो, मनाशी बोलताना ‘ओरे’ म्हणतो. मालिकेने हा भेद आवाजांतही ठेवला आहे. त्याचे प्रकट बोलणे युमी उचियामा ह्या अभिनेत्रीच्या आवाजात आहे; मनातले बोलणे तोमोकाझु सुगिता ह्या प्रौढ नटाच्या आवाजात आहे. एकाच व्यक्तीच्या देहात दोन वयांचे दोन ‘मी’ राहतात, हे प्रेक्षकाला प्रत्येक प्रसंगी कानांनी कळत राहते.

मराठीत ‘मी’ एकच. तेव्हा हा भेद नाहीसा होणार, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मराठीच्या बोलण्यात स्वतःसाठी ‘आपण’ वापरण्याची एक रीत आहे. ‘आपण नाही घाबरत कोणाला’, ‘आपल्याला काय त्याचे’ अशी वाक्ये मुंबईपासून उत्तरेकडील उपनगरांपर्यंत सर्रास ऐकू येतात; ह्याच वळणाचे ‘अपुन’ मुंबईच्या हिंदीत आहे. ह्या ‘आपण’मध्ये रांगडेपणा आहे, थोडी फुशारकी आहे आणि फुशारकीखाली दडवलेली भीतीही आहे. व्याकरणग्रंथांत ‘आपण’चे तीन अर्थ आढळतात: श्रोत्यासह आम्ही, आदरार्थी तुम्ही आणि आत्मवाचक स्वतः. हा चौथा वापर अशिष्ट म्हणून बाजूला राहतो. रुदेउसच्या आतल्या आवाजासाठी मात्र तोच नेमका उपयोगी आहे. प्रकट बोलण्यात ‘मी’ आणि मनात ‘आपण’, अशी वाटणी केल्यास ‘बोकू’ आणि ‘ओरे’ ह्यांतील अंतर बऱ्याच अंशी टिकते.

४. फिट्झचे ‘बोकू’

ह्यापेक्षा अवघड पेच फिट्झच्या बाबतीत आहे. सिल्फिएट ही रुदेउसची बालपणीची मैत्रीण. लहानपणी केस आखूड असल्यामुळे आणि ती स्वतःस ‘बोकू’ म्हणत असल्यामुळे रुदेउस तिला प्रथम मुलगाच समजला होता. पुढे एका महासंकटात सारे पांगतात. सिल्फिएट राजकन्या एरिएल हिच्या आश्रयास जाते. तिचे हिरवे केस पांढरे झालेले असतात. काळा चष्मा लावून, पुरुषवेश घेऊन, फिट्झ ह्या नावाने ती राजकन्येची रक्षक बनते. मंत्र न उच्चारता विद्या चालविते आणि फारसे बोलत नाही, म्हणून लोक तिला ‘मूक फिट्झ’ म्हणून ओळखतात. विश्वविद्यालयात रुदेउसची तिच्याशी गाठ पडते, ग्रंथालयात ती त्याला संशोधनात साह्य करते, आणि तो तिला ओळखत नाही. दुसऱ्यांदाही तो तिला पुरुषच समजतो.

प्रेक्षकाला हे गुपित शून्याव्या भागातच कळलेले असते. सबब रहस्यभेदाचा प्रश्न येथे नाही. प्रश्न आहे तो सिल्फिएटच्या सचोटीचा. जपानीत ती लहानपणी ‘बोकू’ म्हणत होती, फिट्झ झाल्यावर ‘बोकू’ म्हणते, आणि गुपित उलगडून रुदेउसशी विवाह झाल्यानंतरही ‘बोकू’च म्हणते. तिच्या क्रियापदांत लिंग नाही. म्हणजे तिचा वेश खोटा आहे, नाव खोटे आहे. पण तिचे एकही वाक्य व्याकरणाच्या अंगाने खोटे नाही. ती आपल्याच भाषेत बोलत असते, आणि रुदेउसला ती भाषा पूर्वीपासून परिचित असते. ऐकणाऱ्याने नीट ऐकले असते, तर वेशाची पर्वा न करता ओळख पटली असती. चिठ्ठीच्या प्रसंगी झाले तेच येथे पुन्हा झाले आहे.

आता हे मराठीत कसे यावे? फिट्झ रुदेउसशी बोलताना ‘मी आलो’ म्हणणार आणि एकांतात राजकन्येशी बोलताना ‘मी आले’ म्हणणार, ही सर्वांत सोपी तोड. मराठी प्रेक्षकास ती परकी वाटणार नाही. बालगंधर्वांनी ‘मानापमान’मधील भामिनी (१९११) आणि ‘एकच प्याला’तील सिंधू (१९१९) उभ्या केल्या, तेव्हा क्रियापदाचे लिंग हे वेशभूषेचेच अंग होते, आणि ते प्रेक्षकाने निःशंकपणे स्वीकारले. परंतु तेथे नट भूमिका करीत होता. सिल्फिएटच्या तोंडी माणूस पाहून बदलणारे क्रियापद घातले, तर तीही भूमिका करणारी ठरते. मुळात नसलेली लबाडी तिच्या प्रत्येक वाक्यात शिरते, आणि दोष ऐकणाऱ्यावरून निघून बोलणारीवर जातो. कथेचा न्यायच त्यामुळे फिरतो.

५. मराठीच्या अंगभूत सोयी

प्रथमपुरुषी एकवचनात मराठीचे क्रियापद सर्वत्र लिंग दाखविते, असा एक सार्वत्रिक समज आहे. रूपे क्रमाने तपासली असता तो टिकत नाही.

‘मी येतो’ आणि ‘मी येते’ ह्यांत लिंगभेद आहे; पण ‘मी येत आहे’ ह्यात नाही. होकारार्थी ‘मी येतो’ लिंग सांगते, नकारार्थी ‘मी येत नाही’ सांगत नाही. भविष्यकाळी ‘मी येईन’ हे रूप स्त्री-पुरुषांना समान आहे. अकर्मक भूतकाळी ‘मी आलो’, ‘मी आले’ असा भेद होतो. परंतु सकर्मक भूतकाळी कर्मणी अथवा भावे प्रयोग असल्यामुळे ‘मी पाहिले’, ‘मी ग्रंथ आणला’, ‘मी त्याला ओळखले’ ह्या वाक्यांतून कर्त्याचे लिंग कळत नाही. ‘मला वाटते’, ‘मला ठाऊक आहे’, ‘मला भीती वाटली’ ही चतुर्थीची वाक्ये तर सर्वस्वी मोकळी आहेत. अनेकवचनी ‘आम्ही आलो’ हेही दोघांचे सारखेच.

अडचण उरते ती मोजक्या ठिकाणी: ‘होतो’ आणि ‘होते’ ह्या साहाय्यक रूपांत, ‘एकटा’ आणि ‘एकटी’ ह्यांसारख्या विशेषणांत, आणि बोलणे, शिकणे, विसरणे अशा काही क्रियापदांत, की जी कर्म घेऊनही भूतकाळी कर्तरी राहतात. ‘मी विसरलो नाही’ किंवा ‘मी विसरले नाही’ हे वाक्य सिल्फिएटच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. तेथे ‘माझ्या लक्षात आहे’ म्हणता येते, आणि भावनेस उणेपणा येत नाही.

संबोधनाचा प्रश्न आदरार्थी रूपाने सुटतो. रुदेउस फिट्झला वडीलकीच्या नात्याने मान देऊन बोलतो. म्हणून ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हा प्रश्न न उद्भवता ‘तुम्ही आलात’ हे लिंगनिरपेक्ष रूप स्वाभाविकपणे येते. रुदेउस मनाशी फिट्झविषयी बोलतो तेव्हा पुल्लिंगच योग्य, कारण तेथे चूक त्याची आहे आणि ती त्याच्याच क्रियापदात दिसली पाहिजे.

ह्या सोयींचा एकत्र परिणाम लक्षणीय आहे. ज्या व्यक्तीच्या बोलण्यात ‘मी आलो’, ‘मी गेलो’ अशी आत्मघोषणा नाही. ‘मला वाटते’, ‘मी पाहिले’, ‘सांगेन कधीतरी’ अशी मागे सरणारी वाक्ये आहेत, ती व्यक्ती मितभाषी आणि संकोची वाटू लागते. मूक फिट्झ तशीच आहे. व्याकरणाची अडचण टाळण्यासाठी योजलेली वाक्यरचना स्वभावचित्रणाच्याही कामी येते.

६. पालघरच्या गाडीत

प्रमाण भाषेबाहेर पाहिले असता आणखी वाटा दिसतात. कोल्हापूरकडील बोलण्यात स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. तेथे हे रूप पुरुषी सोंग नसते, बाणेदारपणाचा आवही नसतो. ती लहानपणापासूनची भाषा असते. सिल्फिएटच्या ‘बोकू’ला ह्याहून जवळचा पडताळा मराठीत सापडणे कठीण.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेस गुजरात आहे, आणि दक्षिणेस मुंबईकडे जाणारा लोहमार्ग. उपनगरी गाडी २०१३ पासून डहाणूपर्यंत जाऊ लागली. बोईसरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुविद्युत् केंद्र ह्यांमुळे देशाच्या नाना भागांतील कुटुंबे येथे येऊन राहिली. मूळच्या वाडवळी, मांगेली, वारली ह्या बोली आहेतच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) वाडवळ आणि वारली ह्यांच्या बोलींची दखल घेतलेली आहे.

ह्या मार्गावरील एका डब्यात ‘मी येतो’ म्हणणाऱ्यास कोण कोणत्या रूपाने उत्तर देईल, हे पाहण्याजोगे आहे. मराठी स्त्री ‘मी येते’ म्हणेल. गुजराती स्त्री ‘हूं आवुं छुं’ म्हणेल; तेच वाक्य तिचा भाऊही म्हणेल, कारण गुजरातीचा वर्तमानकाळ प्रथमपुरुषी लिंग दाखवीत नाही, जरी भूतकाळी ‘हूं आव्यो’ आणि ‘हूं आवी’ असा भेद होतो. प्रमाण हिंदी बोलणारी ‘मैं आती हूँ’ म्हणेल, आणि भविष्यकाळीही ‘आऊँगी’ म्हणून लिंग सांगेल, जे मराठीची ‘येईन’ सांगत नाही. पूर्व उत्तर प्रदेश किंवा बिहारकडून आलेली स्त्री मात्र ‘हम आ रहे हैं’ म्हणेल. हे रूप पुल्लिंगी अनेकवचनाचे असूनही तिच्या तोंडी ते कोणासही खटकत नाही.

अशा परिसरात वाढलेल्या श्रोत्याचा कान एक गोष्ट न शिकविता शिकलेला असतो: क्रियापदाचा प्रत्यय आणि बोलणारी व्यक्ती ह्यांचा संबंध भाषेभाषेत निराळा असतो. ‘हम आ रहे हैं’ म्हणणाऱ्या शेजारणीस कोणी पुरुष समजत नाही. भाषांतरकाराने ह्या श्रोत्याची जाण गृहीत धरली, तर फिट्झच्या तोंडी एखाद्या ठिकाणी अटळपणे येणारे ‘मी होतो’ त्याला खोटे वाटणार नाही. मात्र ते रूप राजकन्येशी बोलतानाही कायम ठेवले पाहिजे. माणसागणिक प्रत्यय बदलू नये, हा नियम येथे निर्णायक समजावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठीही येथे एक आटोपशीर विषय मिळतो. वाडवळी, मांगेली, वारली आणि ह्या भागातील हिंदी बोलणाऱ्या स्त्रियांची प्रथमपुरुषी रूपे काळ, प्रयोग आणि नकार ह्यांच्या क्रमाने नोंदवावी. नंतर ती वरील प्रमाण मराठीच्या रूपांशी ताडून पाहावी. बोलणारी कोणाशी बोलत आहे, ह्याची नोंद प्रत्येक वाक्यासमोर असणे अगत्याचे आहे.

७. दोष आणि श्रवण

ह्या सर्व खटाटोपाने सदोष नायकाचे काय साधते, असा आक्षेप येऊ शकेल. प्रथमपुरुषी निवेदनाचा एक धोका जाणकारांस ठाऊक आहे: ज्याचे मन सतत ऐकू येते, त्याला श्रोता हळूहळू क्षमा करू लागतो. ह्या पर्वात रुदेउस आणि त्याचा मित्र झानोबा एका लहान मुलीला गुलामांच्या बाजारातून विकत घेतात, आणि कथा त्यावर फारशी थांबत नाही. उत्तरार्धात पित्याचा मृत्यू आणि मातेची हरपलेली जाणीव ह्यांनी कोसळलेला रुदेउस, घरी गरोदर पत्नी असताना, आपली पूर्वीची गुरू रॉक्सी हिच्याशीही विवाह करण्याचे ठरवितो. त्याची धाकटी बहीण नॉर्न ह्यास उघड विरोध करते. तो विरोध कथेत अल्पकाळ टिकतो, परंतु ऐकू येतो.

ह्याच नॉर्नचा एक प्रसंग ह्याआधी येतो. विश्वविद्यालयात आल्यावर ती खोलीचे दार लावून घेते आणि बाहेर पडत नाही. मागील जन्मी रुदेउसने स्वतः हेच केले होते. तो तिच्याजवळ जाऊन बसतो, उपदेश करीत नाही, आणि ती बोलेपर्यंत थांबतो. चिठ्ठी उलट वाचणारा आणि ओळखीचे ‘बोकू’ न ओळखणारा हा मनुष्य येथे प्रथमच दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याविषयीचे म्हणून ऐकतो. त्याचे इतर दोष ह्यामुळे धुऊन निघत नाहीत, आणि पुढील घटना तसे दाखवितातही.

भाषांतराने ह्या तीन प्रसंगांतील संबंध राखला, तरच मराठी प्रेक्षकास नायकाला जोखता येईल. चिठ्ठी स्पष्ट केली, फिट्झचे क्रियापद माणसागणिक बदलले, आणि मनातल्या आवाजाला सभ्य ‘मी’ दिला, तर रुदेउसच्या चुका परिस्थितीच्या किंवा इतरांच्या ठरतात आणि तो फुकट निर्दोष सुटतो. ह्या तिन्ही ठिकाणी मराठीजवळ पुरेशी साधने आहेत. त्यांपैकी काही व्याकरणग्रंथांत नोंदलेली आहेत, काही अशिष्ट म्हणून वगळलेली आहेत, आणि काही डहाणूच्या गाडीत रोज ऐकू येतात.